तोडमेट्याच्या एकोणीस काचा

"मॅडम, सोमरीच्या काचेचा काय निकाल लागला?"

पुंगाटी भाऊ दारातच उभे होते. चपला बाहेर काढून, छत्री भिंतीला टेकवून. ऑक्टोबरची तीन तारीख, सकाळचे नऊ वाजले असतील. मी बादलीत हात धूत होते. काचा रंगवायच्या औषधाचा निळा डाग नखांतून निघता निघत नव्हता.

"कोण सोमरी?"

"सोमरी वड्डे. तोडमेट्याची. सातवा महिना हाय तिले. बारा-तेरा दिवस झाले, मी रक्त घेतलं तिचं. एकोनीस काचा होत्या पाहा तोडमेट्याच्या."

मी रजिस्टर ओढलं, पान उलटलं. एकोणीस नावं आणि प्रत्येक नावापुढे निळ्या शाईत एकच शब्द.

"निगेटिव्ह," मी म्हणाले. "सगळ्या निगेटिव्ह आहेत."

"सोमरीची पन?"

"सगळ्या म्हटलं ना, भाऊ."

रैनू पुंगाटी आमच्या येरमेटा आरोग्य केंद्राचे मलेरिया वर्कर होते. जंगलातल्या गावांत चालत जायचं, ज्याला ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि काचा माझ्याकडे आणायच्या, हे त्यांचं काम. काचेत मलेरियाचा जंतू दिसतो का ते मायक्रोस्कोपखाली, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या दुर्बिणीखाली पाहायचं, हे माझं. ते स्वतः माडिया आदिवासी, पंचेचाळिशीचे, बावीस वर्षं नोकरी झालेली. मी छाया गवसाने, बार्शीची, चोवीस वर्षांची, तीन महिन्यांपूर्वी आलेली लॅब टेक्निशियन.

भाऊ थोडा वेळ दाराच्या चौकटीवर बोटं फिरवत राहिले.

"मले वाटलं होतं तिचा निघंल," ते म्हणाले. "दात वाजत होते तिचे. चार गोळ्या देऊन आलो होतो. पन दुर्बीन नाही म्हंते तं नाही. डोळ्याले काय समजते! मंग तिकडं जायचं काम नाही. आज मी नदीकडची गावं करतो."

छत्री घेऊन ते गेले.

मी रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं. उठून खिडकीपाशी गेले. ते आवार ओलांडून त्यांच्या खोलीकडे चालले होते. मी परत येऊन बसले. त्या काचा मी पाहिल्याच नव्हत्या.

माझ्याआधी ती जागा पाच महिने रिकामी होती. मी हजर झाले तेव्हा लॅबमध्ये सातशेवर काचा वर्तमानपत्रात गुंडाळून पडलेल्या होत्या आणि पावसाळा असल्यामुळे रोज नव्या येत होत्या. मी दिवसभर पाहायची. दुर्बिणीवरून मान उचलली की भिंतीवरसुद्धा गोल गोल दिसायचं. सप्टेंबरच्या अठ्ठावीसला डॉक्टर वैरागडे दारात येऊन म्हणाले, "गवसाने, परवा मीटिंग आहे. माझ्या रिपोर्टात शिल्लक शून्य दिसली पाहिजे." तेव्हा एकशे बारा उरल्या होत्या. मी त्या सगळ्या रंगवल्या, वाळवल्या, पेटीत लावल्या. मग पेन उघडलं आणि एकशे बारा ओळी भरल्या. डोळे दुखत होते, वीज नव्हती, आणि शंभरात नव्वद तरी निगेटिव्हच निघतात, असं मी स्वतःला सांगितलं. त्या दिवशी मला एवढं पुरलं.

आता मी पेटीतून सोमरीची काच काढली, तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला.

शोधावं लागलंच नाही. जिथे नजर पडली तिथे जंतू. जीव घेणाऱ्या मलेरियाची ती बारीक अंगठीसारखी कडी, एकेका जागी दहा-दहा. काच सरकवली, तिथेही तेच. मी तोडमेट्याच्या बाकीच्या अठराही काचा एकामागून एक लावल्या. सहा आणखी निघाल्या. सात नावं मी एका चिठ्ठीवर लिहिली, स्टोअरमधून गोळ्यांची पाकिटं पिशवीत कोंबली आणि धावत निघाले.

पुंगाटी भाऊ जेवण उरकून खोलीला कडी घालत होते.

"भाऊ, थांबा. आपल्याला तोडमेट्याला जायचंय. मीपण येते."

"तुमी?" ते माझ्या चपलांकडे पाहत राहिले. "चौदा किलोमीटर हाय, पायानं. मधात नाला हाय. तुमी कायले?"

"फेरतपासणी करायचीय."

"निगेटिव्हची?"

"हो. चला ना, भाऊ. लवकर चला."

त्यांनी आत जाऊन त्यांच्या बायकोचे प्लास्टिकचे बूट आणून माझ्यापुढे ठेवले. डॉक्टर तालुक्याला गेले होते, दुसऱ्या दिवशी येणार होते. सिस्टरना मी फक्त "जाऊन येते" म्हणाले.

पुंगाटी भाऊ पुढे, मी मागे. ते नेहमीच्या चालीने चालत होते आणि मी मध्ये मध्ये धावत होते. त्यांना मागे टाकायची आणि मग वाट कुठे वळते ते न कळून थांबायची. धानाच्या बांधांवर दोनदा घसरून पडले. ते म्हणाले, "हळू जी, मॅडम. गाव पळून नाही जात." मला वाटलं, आपण बोलत राहिलो तर बरं. मी विचारलं, सोमरीला आधीची मुलं आहेत का?

"दोन झाली, दोनी गेली. एक तापानं. दुसरं कशानं ते माहीत नाही. नवरा चांगला हाय, लालसू. दारू कमी पिते. ह्या वेळी त्यानंच मले बोलावलं, रक्त घे म्हनून. नाही तं त्या गावात लोक बोट देत नव्हते. मले सहा वर्सं लागली त्याइले पटवायले."

मी पुन्हा धावत पुढे गेले.

नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. त्यांनी एक लांब बांबू आडवा धरला, त्याला धरून मी पलीकडे गेले. पिशवी डोक्यावर धरली होती. पाणी जोराचं होतं, पण तळ लागत होता. पलीकडे निघाल्यावर भाऊंनी वरच्या डोंगराकडे पाहिलं. तिकडे काळं झालं होतं.

तोडमेट्याला पोचायला एक वाजला. पंचवीसेक घरं, कुडाच्या भिंती, अंगणात डुकरं. सोमरीच्या घराला बाहेरून काठी लावलेली. शेजारची म्हातारी माडियात काहीतरी म्हणाली.

"शेतात हायत दोघं," भाऊंनी सांगितलं. "धान राखाले. रानडुकरं येतात. तिथं खोपडी केली हाय. डोंगराच्या त्या अंगाले, अर्धा-पाऊन तास. पयले गावातल्यांचं काय ते करून घेऊ आपन."

"नाही. आधी सोमरी."

"मॅडम, फेरतपासनी तं सगळ्याइची हाय न? आनि सगळे निगेटिव्ह हाय तं पिशवीत गोळ्या कोनाच्या?"

मी पिशवी छातीशी धरून उभी होते. त्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली.

त्यांनी ती वाचली. मराठी ते हळू वाचायचे, एकेक नाव ओठांनी. सात नावं झाल्यावर त्यांची नजर परत पहिल्या नावावर गेली. मी ती नावं लाल पेनाने लिहिली होती. लॅबमध्ये जंतू निघालेल्याचं नाव लाल शाईत लिहायचं असतं. घाईत हात त्याच पेनाकडे गेला होता.

"हे कधी पायलं?" त्यांनी विचारलं.

"आज. तुम्ही गेल्यावर."

"आनि त्याच्या आदी?"

"पाहिलं नव्हतं."

एक कोंबडी आमच्या पायांमधून पळत गेली. म्हातारी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होती. भाऊंनी चिठ्ठीची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. मग पहिल्यांदाच ते धावले. डोंगराच्या वाटेने ते धावत सुटले आणि मी त्यांच्या मागे.

शेतातल्या खोपटात लालसू बायकोच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होता. तिशीचा, अंगाने काटक. आम्हाला पाहून उठला आणि माझ्याकडे बघतच राहिला. भाऊ त्याच्याशी बोलू लागले. मी सोमरीपाशी बसले. ती माझ्याच वयाची असावी. डोळे हळदीसारखे पिवळे, ओठ पांढरे. श्वास भरभर. मी "सोमरी" म्हणून हाक मारली तेव्हा तिने मान वळवली, पण माझ्या पलीकडे पाहिलं.

"कालपासून अशीच हाय म्हंते तो," भाऊ म्हणाले. "पयले चार दिवस बरी होती, मंग पुन्हा ताप. लघवी चायसारखी लाल. दवाखान्यात न्याव म्हनत होता, पन कोनी तरी सांगितलं होतं, तिचा निकाल आला नाही, म्हंजे मलेरिया नसन."

मी गोळी कुटून चमच्याने द्यायचा प्रयत्न केला. ती बाहेर आली. गिळायचं तिला कळत नव्हतं.

"इथे काही होणार नाही," मी म्हणाले. "सिस्टरकडे क्विनाइनचं इंजेक्शन आहे, सलाइन आहे. नेलं पाहिजे."

भाऊ खाली शेतांकडे तोंड करून ओरडले. दोन माणसं आली. खाट उलटी करून दोर बांधला, बांबू घातला, तिला आत ठेवलं. चौघं उचलायला लागले, भाऊ आणि लालसू त्यांत होते. मी बाजूने चालत होते, एक हात खाटेच्या काठावर. खाट हलली की तिचा हात बाहेर लोंबायचा, मी तो आत ठेवायची. पोट ताठ झालेलं. एकदा हात लागला तेव्हा आत काहीतरी सरकलं. मी भाऊंना सांगितलं, "बाळ हलतंय." त्यांनी मागे न पाहता मान हलवली.

वाटेत पाऊस लागला नाही. पण वर डोंगरात तो पडून गेला होता. आम्ही नाल्यावर आलो तेव्हा पाणी दोन्ही काठ भरून, लाल, झाडांच्या फांद्या घेऊन चाललेलं. सकाळी मी जिथे बांबू धरून उतरले होते ती जागाच दिसत नव्हती.

लालसू पाण्यात उतरला. छातीपर्यंत गेला आणि वाहायला लागला, एका मुळाला धरून परत आला. पुन्हा जायला निघाला तेव्हा भाऊंनी त्याला कंबरेला धरून खाली बसवलं.

"किती वेळ?" मी विचारलं.

"दोन तास. तीन तास. वर पाऊस थांबला असंल तं उतरंल."

काठावर मोहाच्या झाडाखाली आम्ही खाट ठेवली. मी उठत होते, पाण्यापाशी जात होते, काठाला रोवलेली एक काडी पाहत होते, परत येऊन तिचा श्वास मोजत होते. चाळीस. पुन्हा पाण्यापाशी. काडी तशीच. श्वास अठ्ठेचाळीस. भाऊ एकदा म्हणाले, "बसा जी एका जागी." मला बसवेना. मी लॅबमध्ये शिकलेलं सगळं आठवत होते आणि त्यातलं काहीही त्या काठावर उपयोगाचं नव्हतं.

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा काडीचं टोक दोन बोटं वर आलं होतं. मी सांगायला वळले तर लालसूने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तो तिच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत होता. बराच वेळ तसाच राहिला. मी जाऊन तिची नाडी पाहिली. मग पोटावर हात ठेवला. आतली हालचाल तिच्यानंतरही थोडा वेळ होती. आम्ही कुणीच काही करू शकत नव्हतो.

लालसू रडला नाही. तिच्या लुगड्याची गाठ सारखी केली, केस मागे घेतले. मग माझ्याकडे पाहून माडियात सावकाश काही वाक्यं बोलला.

"काय म्हणतात ते?"

भाऊ पाण्याकडे पाहत होते. "म्हंते, दवाखान्यातलं कोनी आजवर तोडमेट्याले आलं नव्हतं. रैनू येते, पन तो आपलाच हाय. तुमी बाहेरच्या, बाईमानूस, एवढ्या दूर चालत आल्या सोमरीसाठी. तो म्हंते, हे तो ध्यानात ठेवन."

मी भाऊंकडे पाहिलं. आता ते सांगतील, असं मला वाटलं. सांगावं, असंही वाटलं. त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली. "चला," ते म्हणाले, "सहा जन हायत अजून. अंधार पडायच्या आत गोळ्या देऊ."

ते सहाही जण जगले.

पंधरवड्याने तालुक्याहून चौकशीला एक अधिकारी आले. गरोदर बाईचा मृत्यू होता, कागद पुरे करायचे होते. तोवर मी त्या एकशे बारा काचा सगळ्या पाहिल्या होत्या. तेवीस पॉझिटिव्ह निघाल्या. बाकीच्या गावांत भाऊ आणि मी जाऊन औषधं देऊन आलो. रजिस्टरमध्ये निळ्यावर लाल शाई चढली होती. ते पान पाहून कुणालाही प्रश्न पडला असता, तसा त्यांनाही पडला.

"हे काय आहे?" त्यांनी बोट ठेवलं. डॉक्टर वैरागडे खुर्चीत बसून टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होते. मी तोंड उघडलं.

"साहेब, चूक माझी हाय," पुंगाटी भाऊ दारातून म्हणाले. "काचेवर नंबर मी टाकतो. दोन-तीन गावच्या काचा एकात एक मिसळल्या माझ्याच्यानं. नंबर चुकले. मॅडमनं पकडलं ते, म्हनून लगेच निघाल्या. माझ्यासंगं पायानं आल्या."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही स्वतः गेलात? चौदा किलोमीटर?"

मी हो म्हणाले.

"चांगलं केलंत," ते म्हणाले आणि लिहू लागले.

बाहेर आल्यावर मी भाऊंना हातपंपापाशी गाठलं. माझा आवाज चढला होता. "तुम्ही असं का केलंत? मी सांगणार होते. मी आत्ता जाऊन सांगते."

"सांगा न," ते म्हणाले. पंपाचा दांडा हलवून त्यांनी तोंडावर पाणी मारलं. "सांगा. तुमाले काढतीन. आनि मंग?"

"मग काय? चूक माझी आहे."

"तुमच्या आदी पाच महिने ही खोली बंद होती, मॅडम. जमंल तेवढ्या काचा मी तालुक्याले पाठवत होतो, बाकी इथंच पडल्या. दीड-दीड महिन्यानं निकाल ये. त्या पाच महिन्यात एकट्या तोडमेट्यात चार लोकं गेले. त्याइची चौकशी कोनी केली? खुर्चीच रिकामी होती, तं कोनाले पकडतीन?" ते थांबले. "तुमच्या चुकीनं एक गेली. तुमी गेल्या तं किती जातीन ते मी मोजलं हाय."

"पण तुमच्यावर..."

"माझ्यावर काय! मले काढू शकत नाही. माडिया बोलनारा दुसरा वर्कर हाय कुठं त्याइच्याकडं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आनि गावात पन नका सांगू. खरं सांगूनशान तुमच्या मनावरचं ओझं उतरंल. पन उद्या बोट कोन पुढं करंल?"

मी गप्प बसले. ते मी केलं. कुणी माझं तोंड धरलं नव्हतं.

त्यांच्या सेवापुस्तकात ठपका लिहिला गेला आणि त्यांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. जाताना माझा निरोप घ्यायला आले, तेव्हा कोणत्या गावाची वाट कुठून आहे ते एका वहीत माझ्याकडून लिहून घेतलं.

त्यानंतर मी एकही काच न पाहता लिहिली नाही. पण मला झोप लागेना, जेवताना उठून लॅबमध्ये जायची, पाहून झालेल्या काचा पुन्हा लावायची. आवारात कुणाची पावलं वाजली तरी दाराकडे मान वळायची.

डिसेंबरात एक दिवस दारात लालसू उभा राहिला. हातात भोपळ्याचा तुंबा. त्याने तो टेबलावर ठेवला. आत मध होता.

"तुमाले," तो म्हणाला. त्याला थोडं मराठी येत होतं. "तुमी चालून आल्या."

मी तो तुंबा हातात घेतलाही असता. चमचाभर मध चाखून "छान आहे" म्हणाले असते आणि तो समाधानाने चौदा किलोमीटर परत गेला असता. मी त्याला बसायला सांगितलं. सोपे शब्द शोधत, एकेक करून सांगितलं. सोमरीचं रक्त आलं होतं. माझ्याकडे होतं. मी पाहिलं नाही. न पाहता, मलेरिया नाही, असं लिहिलं. रैनूची चूक नव्हती.

"पायलं नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"काच होती इथं?"

"इथेच होती. या पेटीत."

त्याने पेटीकडे पाहिलं. मग उठला आणि गेला. तुंबा तिथेच राहिला. मी दारापर्यंत धावले. तो आवाराबाहेर पडला होता आणि मागे वळून पाहत नव्हता.

त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांना लेखी दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. फाडलं नाही, वरही पाठवलं नाही. टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. "कामाला लागा," म्हणाले.

पुंगाटी भाऊ म्हणाले होते तसंच झालं. जानेवारीत नवा वर्कर तोडमेट्याहून रिकामी पेटी घेऊन परत आला. "बोट देत नाहीत," तो म्हणाला. "तुमच्या दवाखान्यात रक्त पाहत नाहीत, म्हणतात." पुढच्या खेपेला तेच. शेजारच्या दोन गावांतही तेच सुरू झालं.

मग मी दर रविवारी तोडमेट्याला जायला लागले. वहीतली वाट धरून, एकटी. गावाच्या मध्ये चिंचेखाली बसायची. समोर सुया, काचा, कापूस. लोक येता-जाता बघायचे. पोरं लांब उभी राहायची. कुणी पाणी विचारलं नाही. संध्याकाळी मी सगळं गोळा करून परत यायची. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी मी दुर्बीण पाठीवर बांधून नेली. तिला खाली आरसा होता, उन्हावर चालायची. चिंचेखाली दगडावर फडकं अंथरून ती मांडली. रंगाच्या बाटल्या, पाण्याचं भांडं, तेल सगळं शेजारी ठेवलं आणि बसले.

दुपार टळायला लागली तेव्हा लालसू आला. त्याच्याबरोबर त्याची आई होती, घोंगडी पांघरलेली, थरथरत. त्याने तिला माझ्यासमोर बसवलं आणि स्वतः बाजूला उभा राहिला.

"इथं," तो म्हणाला. "माझ्यासमोर."

मी तिचं बोट पुसलं, सुई टोचली, थेंब काचेवर घेतला. वाळू दिला, रंगात बुडवला, धुतला, पुन्हा वाळवला. माणसं जमा होऊ लागली होती. मी काच लावली, आरसा उन्हाकडे फिरवला आणि डोळा लावला. काच सरकवत गेले, एक जागा, दुसरी, तिसरी, शंभर होईपर्यंत मनात मोजत. लालसूची पावलं माझ्या गुडघ्याशी होती आणि ती हलत नव्हती.

शंभर झाल्यावर मी डोळा काढला. "काही नाही," मी म्हणाले. "मलेरिया नाही. साधा ताप आहे. गोळी देते."

त्याने आईकडे पाहिलं नाही. तो दुर्बिणीकडे पाहत होता.

"झालं?"

"झालं."

"एवढाच वेळ लागते?"

"हो."

"सगळ्याइले एवढाच?"

"हो," मी म्हणाले. "एवढाच."

तो मागे वळला आणि जमलेल्या लोकांना माडियात सांगायला लागला. मला त्याचा अर्थ सांगणारं तिथे कुणी नव्हतं, आणि सोमरीचं नाव ऐकू आल्यावर गरजही उरली नाही. त्याने सांगून झाल्यावर एक बाई उठून, माझ्याकडे पाठ करून, आपल्या घरात गेली. तिच्यामागे आणखी दोघं गेली. लालसूने आईच्या काखेत हात घालून तिला उभं केलं, माझ्या हातातली गोळी घेतली आणि तिला घेऊन चालू लागला.

मी खाली मान घालून काच पुसत होते. समोर कुणीतरी येऊन बसलं. एक काळं, भेगाळलेलं बोट माझ्यापुढे आलं. ते कुणाचं आहे ते पाहायला मी मान वर केली नाही. बोट धरलं आणि नवी सुई काढली.